चॅटबॉटची साधने दुकानात मांडली, तरी ती सापडत का नाहीत?

सांगलीत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या काही विद्यार्थ्यांनी द्राक्ष बागायतदारांसाठी चॅटबॉटवर चालणारे एक साधन तयार केले आहे. छाटणीची तारीख, वाण आणि बागेत दिसणारी लक्षणे सांगितली की ते फवारणीबाबत मार्गदर्शन करते आणि सुचवलेल्या औषधाची शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी झालेली असावी, हेही सांगते. हे साधन त्यांनी एका मोठ्या चॅटबॉट सेवेच्या ऑनलाइन दुकानात नोंदवले. एक हंगाम उलटला, तरी वापरणारे जवळजवळ सगळे त्यांच्या घरचे आणि ओळखीचेच आहेत. दुकानाच्या शोधात साधन वर येत नाही आणि त्यासारख्याच नावाची इतर साधने मात्र पुढे दिसतात. दोष आमच्या साधनात आहे, दुकानाच्या शोधयंत्रणेत आहे, की बागायतदारांना अशा साधनाची गरजच नाही, असे त्यांनी मला विचारले आहे. पुढील उत्तर त्यांनाच उद्देशून आहे.

सांगली-मिरजेतील अडत पेढ्या, पतसंस्था आणि दवाखाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर आणि अलीकडे चॅटबॉट तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे आहे की गरज आहे, तुमचे साधनही चांगले आहे, आणि शोधयंत्रणा आणखी हुशार केल्याने फारसा फरक पडणार नाही. खरी अडचण त्याच्या आधीची आहे. चॅटबॉटच्या साधनाविषयी घेणाऱ्याला जे जाणून घ्यायचे असते ते दुकानातील नोंदीत लिहिलेलेच नसते. आणि जे लिहिलेलेच नाही ते कोणतीही शोधयंत्रणा शोधून देऊ शकत नाही. हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण मूळ कारण ध्यानात आले नाही, तर तुम्ही नाव बदलत, चित्र बदलत आणि वर्णनात शब्द भरत बसाल आणि पुढचा हंगामही तसाच जाईल.

ही अडचण आजची नाही. ॲमेझॉनने २०१५ मध्ये ॲलेक्सा या बोलून चालवायच्या सहायकासाठी बाहेरच्या लोकांना ‘स्किल’ म्हणजे छोटी साधने बनवण्याची सोय दिली आणि २०१९ पर्यंत अशा स्किलची संख्या १ लाखाच्या पुढे गेली. पण बोलून चालवायच्या यंत्रावर काही मांडून ठेवण्याची जागाच नसते, त्यामुळे स्किलचे नेमके नाव ग्राहकाच्या लक्षात राहिले तरच ते उघडत असे. फेसबुकने एप्रिल २०१६ मध्ये मेसेंजरवर बॉट बनवण्याची मुभा दिली, वर्षभरात तेथील बॉट १ लाखाच्या घरात गेले आणि २०१७ मध्ये ते लोकांना सापडावेत म्हणून ‘डिस्कव्हर’ हा वेगळा विभाग काढावा लागला. चॅटजीपीटी हा चॅटबॉट बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने मार्च २०२३ मध्ये त्याच्यासाठी प्लगइन, म्हणजे बाहेरच्या सेवा जोडून देणारी साधने, जाहीर केले आणि एप्रिल २०२४ पर्यंत ती सोय पूर्णपणे बंदही केली. दरम्यान ६ नोव्हेंबर २०२३ रोजी, प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही साध्या वाक्यांत सूचना देऊन स्वतःचा बॉट करता येईल, अशी ‘जीपीटी’ नावाची सोय आली आणि १० जानेवारी २०२४ रोजी त्यांचे दुकान, म्हणजे जीपीटी स्टोअर, उघडले. लोकांनी ३० लाखांहून अधिक जीपीटी तयार केल्याचे कंपनीने त्याच वेळी सांगितले. ते सगळेच सर्वांसाठी खुले नव्हते. तरीही अवघ्या दोन महिन्यांत एवढी निर्मिती होणे ही गोष्ट पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ समजायला पुरेशी आहे.

तुलनेसाठी फोनच्या ॲपकडे पाहा. ॲपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी उघडले, तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप होती आणि ज्याला हौस होती त्याला ती सगळी एका बैठकीत चाळता येत होती. ॲप बनवण्यास श्रम आणि पैसा लागत असल्यामुळे ते दुकानात येण्यापूर्वीच एक चाळणी लागलेली असे. शिवाय एकदा उतरवून घेतलेल्या ॲपचे चिन्ह फोनच्या पडद्यावर राहते आणि ते रोज नजरेला पडते. चॅटबॉटच्या साधनाला यांतले काहीच लाभलेले नाही. ते बनवायला एक दुपार पुरते, ते कोठे बसवावे लागत नाही, आणि एकदा वापरून झाले की बाजूच्या यादीत खाली सरकत जाते. पुढच्या वेळी माणूस चॅटबॉट उघडतो, तेव्हा समोर रिकामी चौकट असते आणि तो सरळ तिच्यातच प्रश्न लिहितो. दुकानाची मांडणी फोनकडून उचलली गेली. ती ज्या परिस्थितीमुळे तेथे चालली, ती परिस्थिती मात्र येथे नव्हती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो, तेव्हा खरेदीदार पोत्यातले हळकुंड हातात घेतो, मोडतो, आतला रंग पाहतो आणि मगच बोली बोलतो. ही पद्धत तीन गोष्टींवर उभी आहे. माल समोर उघडा असतो. हातातला नमुना संपूर्ण ढिगाविषयी बऱ्यापैकी खरे सांगतो. आणि पाहणाऱ्याला काय पाहायचे हे पक्के ठाऊक असते. चॅटबॉटच्या साधनांच्या दुकानात या तिन्ही गोष्टींची उणीव आहे, आणि ती उणीव वेगवेगळ्या प्रकारची असल्यामुळे एकाच उपायाने भरून निघत नाही.

पहिली उणीव म्हणजे माल झाकलेला असतो. नोंदीत एक नाव, एक लहान चित्र, दोन ओळींचे वर्णन आणि सुरुवातीला विचारता येतील असे तीन-चार नमुना प्रश्न एवढेच दिसते. साधनाचे खरे मोल ज्यात आहे तो भाग, म्हणजे मॉडेलला (चॅटबॉटच्या मागे उत्तरे तयार करणाऱ्या मूळ यंत्रणेला) दिलेल्या सूचना, जोडलेली कागदपत्रे आणि बाहेरच्या माहितीशी केलेली जोडणी, घेणाऱ्याला दिसत नाही. आणि नक्कल होण्याची भीती असल्यामुळे निर्माताही तो दाखवत नाही. तुम्ही मला कळवले आहे की राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस केलेल्या औषधांची यादी, प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) आणि फळात उरणाऱ्या औषधाच्या, म्हणजे उर्वरित अंशाच्या, युरोपीय संघाने घातलेल्या मर्यादा तुम्ही एकत्र करून तपासून जोडल्या आहेत. दुसऱ्या कोणी ‘तू द्राक्षतज्ज्ञ आहेस, शेतकऱ्याला सल्ला दे’ एवढेच एक वाक्य लिहून साधन नोंदवले असेल. दुकानात ही दोन्ही साधने शेजारी ठेवली, तर नोंदीवरून फरक करता येणार नाही. उलट दुसऱ्याचे वर्णन अधिक आकर्षक असण्याचीच शक्यता जास्त, कारण ते त्याने चॅटबॉटकडूनच लिहून घेतलेले असते आणि तुम्ही ते स्वतःच्या हाताने, जपून लिहिलेले असते.

दुसरी उणीव नमुन्याची आहे. एकच प्रश्न त्याच साधनाला दोनदा विचारला, तर उत्तर शब्दशः सारखे येत नाही, आणि काही वेळा आशयही बदलतो. त्यापलीकडे, साधनाखालचे मूळ मॉडेल सेवा देणारी कंपनी वेळोवेळी बदलत असते. मार्चमध्ये कोणी लिहिलेला अभिप्राय ज्या साधनाविषयी होता, ते साधन नावाने तेच असले तरी ऑगस्टमध्ये तसे वागेलच असे नाही. मी ज्या पतसंस्थांसाठी काम करतो तेथे मूळ मॉडेल बदलले की ठरावीक प्रश्नांचा संच आम्ही पुन्हा चालवून पाहतो आणि उत्तरे जुन्या उत्तरांशी ताडतो. दुकानात नोंदवलेल्या साधनांसाठी असे कोणी करत असेल, तर त्याचा मागमूस ग्राहकाला तरी दिसत नाही.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. साधन वापरल्यानंतरही वापरणाऱ्याला त्याची पारख होतेच असे नाही. फळछाटणीनंतरच्या दिवसांत हवा ढगाळ आहे, पानांवर तेलकट डाग दिसत आहेत आणि बागायतदार विचारतो की काय करावे. साधन डावणी या रोगाचा धोका ओळखते आणि एक फवारणी सुचवते. सल्ला बरोबर होता की चूक, हे काही दिवसांनी बागेतच कळणार. आणि काढणीपूर्व कालावधी चुकीचा सांगितला असेल, तर ते निर्यातीच्या वेळी प्रयोगशाळेत उर्वरित अंशाची तपासणी होईल तेव्हा. मात्र तारे देण्याची चौकट संभाषण संपताच समोर येते. त्या क्षणी माणूस तारे कशाला देतो? भाषा ओघवती होती का, उत्तर आत्मविश्वासाने आले का, मराठी नीट होते का, यांनाच. चुकीचे उत्तरही या तिन्ही कसोट्यांना उतरू शकते. जमा झालेले तारे खोटे असतात असे मी म्हणत नाही. पण ते वेगळ्याच गोष्टीचे माप असते.

त्यात यादी लावण्याची पद्धत भर घालते. बहुतेक दुकाने किती संभाषणे झाली तो आकडा दाखवतात आणि त्यावरून वरचा-खालचा क्रम ठरवतात. या पद्धतीने काय होते, हे फार पूर्वी तपासले गेले आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४ हजारांहून अधिक लोकांना त्यांनी अपरिचित गाणी ऐकून उतरवून घेण्याची सोय दिली. काहींना आधीच्या श्रोत्यांनी कोणते गाणे किती वेळा उतरवले तो आकडा दाखवला आणि काहींना दाखवला नाही. आकडा पाहणाऱ्यांचेही आठ स्वतंत्र गट केले होते. आकडा दिसला की पसंती थोड्याच गाण्यांकडे एकवटली, आणि ती गाणी कोणती हे गटागटात बदलले. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट गाणी सहसा वर आली नाहीत; पण मधल्या मोठ्या वर्गाचे भवितव्य बरेचसे सुरुवातीच्या योगायोगाने ठरले. चॅटबॉटच्या साधनांत हा मधला वर्ग प्रचंड मोठा आहे, कारण सगळ्यांखाली मॉडेल एकच असल्यामुळे वरवरचा दर्जा सारखाच वाटतो. मग ज्याच्याकडे आधीपासून मोठा अनुयायीवर्ग आहे, त्याचे साधन पहिल्या आठवड्यात वर जाते आणि केवळ वर असल्यामुळेच तेथे टिकते.

संभाषणांच्या आकड्यात आणखी एक अन्याय दडलेला आहे आणि तो तुमच्या साधनाला थेट लागू पडतो. द्राक्षाचे काम हंगामी आहे. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, आणि त्यानंतर काढणीपर्यंतचे नाजूक दिवस, या काळात बागायतदार तुमच्याकडे वारंवार येईल. इतर वेळी तो येणार नाही आणि येण्याचे कारणही नाही. शिवाय तुमचे साधन चांगले असेल, तर त्याचे काम दोन-तीन प्रश्नांत उरकेल. याउलट गप्पा मारणारा बॉट तासन्‌तास चालतो आणि रोज उघडला जातो. वापराचा आकडा हीच गुणवत्तेची खूण धरली, तर काम लवकर संपवून देणारे साधन खाली आणि वेळ घालवणारे साधन वर, असा क्रम आपोआप लागतो. पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचे साधन वर्षातून एकदाच लागते, पण त्या वेळी ते लाखमोलाचे असते. अशा साधनांना आजच्या दुकानांत जागाच नाही. जीपीटी स्टोअर उघडताना जाहीर केलेले विभाग चित्रनिर्मिती, लेखन, संशोधन, प्रोग्रॅमिंग, शिक्षण आणि जीवनशैली असे होते. द्राक्षबाग यांतल्या कोणत्या विभागात शोधावी, हे मलाही सांगता येणार नाही.

लोक प्रत्यक्षात कसे शोधतात, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. मार्केट यार्डातील एका अडत पेढीत मी दिवाणजींच्या शेजारी बसलो होतो. त्यांना शेतकऱ्याला द्यायची हिशोबपट्टी लवकर करून हवी होती: पोत्यांची संख्या, वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा करून निघणारी रक्कम. साधनांच्या दुकानात शोधून पाहू या, असे मी म्हणालो. त्यांनी मराठीत ‘हळदीची पट्टी करणे’ असे लिहिले. यादीत हळदीचे औषधी गुण सांगणारी साधने आली, पाककृतींची आली, त्वचेची निगा राखण्याची आली आणि खाली इंग्रजीतील काही सर्वसाधारण बिल बनवणारी साधने आली. त्यांनी रोमन लिपीत लिहून पाहिले, तर आधीची यादीही गेली आणि वेगळीच साधने दिसू लागली. शेवटी त्यांनी दुकान बंद केले, साध्या चॅटच्या चौकटीत आकडे लिहिले आणि पट्टी करून मागितली. उत्तर आले, बेरीज तपासावी लागली, पण काम झाले.

या प्रसंगातून तीन गोष्टी दिसतात. माणसाच्या मनात काम असते, साधनाचे नाव नसते, आणि कामाचे शब्द त्याच्या पेठेचे असतात. नोंदी बहुतांशी इंग्रजीत आणि सर्वसाधारण भाषेत लिहिलेल्या असतात, त्यामुळे अर्थावरून जुळवणारी आधुनिक शोधयंत्रणाही त्याला मदत करू शकत नाही. जुळवायला दुसऱ्या बाजूस काही असावे लागते. आणि तिसरी गोष्ट अशी की दुकानाचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी त्याच पडद्यावर, एका बोटाच्या अंतरावर असतो. साध्या चौकटीत बऱ्यापैकी उत्तर मिळत असेल, तर शोधण्याचे, निवडण्याचे आणि चुकीची निवड झाली तर परत फिरण्याचे श्रम कोण घेईल? ती चौकट शांतही बसत नाही. प्लगइनच्या काळात पीडीएफ वाचून प्रश्नांची उत्तरे देणारी साधने खूप वापरली जात होती. २०२३ संपण्यापूर्वीच चॅटजीपीटीच्या सशुल्क ग्राहकांना थेट पीडीएफ चढवता येऊ लागली आणि त्या साधनांचे वेगळे प्रयोजन उरले नाही. ज्या साधनाजवळ स्वतःची माहिती किंवा स्वतःची जोडणी नाही, त्याच्यावर ही वेळ लवकर किंवा उशिरा येतेच. लोकांनी शोधण्याची सवय लावून घ्यावी इतका काळ ही साधने टिकत नाहीत, हेही शोध न रुजण्याचे एक कारण आहे.

मग शोधण्याचे काम माणसाकडून काढून मॉडेलवरच का सोपवू नये, असा विचार साहजिकच पुढे आला. अँथ्रॉपिक या चॅटबॉट बनवणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हे खुले मानक जाहीर केले, ज्यामुळे एकदा केलेली जोडणी वेगवेगळ्या चॅटबॉटना वापरता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा जोडण्यांची अधिकृत नोंदवही प्राथमिक स्वरूपात सुरू झाली. ओपनएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या आत चालणारी ॲप जाहीर केली आणि संभाषणाच्या ओघात योग्य ॲप सुचवले जाईल, अशी त्यामागची कल्पना आहे. ही दिशा मला योग्य वाटते, कारण साधन कामाच्या वेळी समोर येते. तरी दुकानातली जुनी अडचण येथे रूप बदलून भेटते. प्रत्येक साधनाचे वर्णन मॉडेलसमोर ठेवावे लागते आणि ते त्याच्या मर्यादित वाचनक्षमतेतली जागा खाते. सारख्याच वर्णनाची साधने वाढली की मॉडेलही चुकीचे निवडते. प्लगइनच्या काळात एका वेळी तीनच चालू ठेवता येत, त्यामागे ही मर्यादा असावी, असे मला वाटते. त्यातच, वर्णन मॉडेल वाचणार म्हटल्यावर काही जण त्यात मॉडेलला भुलवणाऱ्या, क्वचित घातक, छुप्या सूचना पेरतात. हा सुरक्षेचा धोका खरा आहे. म्हणून सेवा देणाऱ्या कंपन्या प्रथम मोठ्या आणि परिचित भागीदारांनाच आत घेतात. चॅटजीपीटीतील ॲपच्या पहिल्या यादीत स्पॉटिफाय, कॅनव्हा, एक्सपीडिया, कोर्सेरा अशीच नावे होती. सांगलीतल्या विद्यार्थ्यांचे साधन त्या रांगेत आपणहून पुढे येईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

पैशाचा मुद्दा थोडक्यात सांगतो. जीपीटी स्टोअर उघडताना निर्मात्यांना वापराच्या प्रमाणात मोबदला देण्याची योजना जाहीर झाली, पण तिची पहिली पायरी अमेरिकेतील निर्मात्यांपुरती होती. जेथे मोबदला नाही तेथे साधनाची देखभाल होत नाही, सोडून दिलेली साधने यादीत तशीच पडून राहतात, आणि एक-दोनदा अशा साधनावर वेळ घालवलेला ग्राहक संपूर्ण दुकानाकडेच पाठ फिरवतो. किंमत ही खरेदीदाराला मिळणारी एक खूण असते. सगळेच फुकट असले की ती खूणही नाहीशी होते.

आता तुमच्यापुरते काय करावे ते सांगतो. दुकानातील नोंद काढू नका, पण तिच्याकडे ग्राहक आणणारी जागा म्हणून पाहणे सोडा. ती नोंद म्हणजे तुमच्या साधनाचा पत्ता आहे, एवढेच समजा. वर्णन पुन्हा लिहा आणि त्यात पाच गोष्टी नेमक्या सांगा: पीक कोणते, काम कोणते, माहिती कोठून घेतली, ती कोणत्या महिन्यापर्यंतची आहे, आणि साधन काय करत नाही. शेवटची गोष्ट लिहायला निर्माते कचरतात, पण अनुभवी बागायतदाराचा विश्वास तिच्यामुळेच बसतो. थॉमसन, सोनाका, माणिक चमन यांपैकी ज्या वाणांवर तुम्ही उत्तरे तपासली आहेत तेवढ्यांचीच नावे द्या. डावणी, भुरी, करपा हे शब्द देवनागरीत लिहाच, शिवाय लोक फोनवर रोमन लिपीत ज्या वेगवेगळ्या पद्धतींनी ते लिहितात त्याही द्या.

त्यानंतर नमुना उघडा करा. तीन-चार खरी संभाषणे, प्रश्नापासून शेवटच्या उत्तरापर्यंत, कोणालाही साधन न उघडता वाचता येतील अशा साध्या पानावर ठेवा. त्यांपैकी एक संभाषण असे निवडा की ज्यात साधनाने सल्ला देण्यास नकार देऊन ‘येथे बाग प्रत्यक्ष पाहणे आवश्यक आहे’ असे सांगितले आहे. प्रत्येक उत्तराखाली ते कोणत्या तारखेच्या कोणत्या यादीवरून आले, हे लिहा. सांगलीच्या द्राक्षपट्ट्यातला निर्यातदार बागायतदार फवारणीची नोंदवही ठेवतो, अपेडा या कृषिमाल निर्यातीच्या केंद्रीय प्राधिकरणाच्या ग्रेपनेट नोंदप्रणालीवर त्याच्या बागेची नोंद असते, आणि यादीतले औषध कोणते व यादीबाहेरचे कोणते हे त्याला कळते. त्याला फसवता येत नाही, आणि पटवायलाही फार वेळ लागत नाही. फक्त तपासता येईल असे काही त्याच्या हातात दिले पाहिजे.

आणि मग हे पान घेऊन तेथे जा, जेथे द्राक्षाचा सल्ला आजही दिला-घेतला जातो. तासगाव, कवठे महांकाळ, मिरजेचा पूर्व भाग, जत, खानापूर येथे बागायतदारांचे व्हॉट्सॲप गट आहेत, द्राक्ष बागायतदार संघाची चर्चासत्रे होतात, आणि बागेवर येऊन सल्ला देणारे खासगी सल्लागार आहेत. मी तुमच्या जागी असतो तर प्रथम सल्लागारांकडे गेलो असतो. त्यांच्या मागे अनेक बागा असतात, फवारणीच्या दिवसांत त्यांना फोन उचलायला वेळ नसतो, आणि काढणीपूर्व कालावधीसारखी तपासून सांगायची गोष्ट साधनावर सोपवता आली, तर ती त्यांनाही हवीच असते. त्यांनी चूक दाखवली तर ती त्याच आठवड्यात दुरुस्त करा आणि दुरुस्ती केल्याचे त्यांना कळवा. कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्याजवळ क्यूआर चिकटवण्याचा मोह होईल. तो टाळलेला बरा, असे मला वाटते, कारण औषध विकणाऱ्याच्या दुकानातून आलेला औषधाचा सल्ला कोणाचा, ही शंका बागायतदाराच्या मनात राहील आणि ती रास्तच आहे.

एक गोष्ट माहितीच्या जपणुकीची. बागायतदार गट क्रमांक, फोन नंबर, बागेचे छायाचित्र असे काही देत असेल, तर ते कोठे साठते आणि किती दिवस राहते, हे मराठीत दोन वाक्यांत पहिल्याच पडद्यावर सांगा. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे म्हणून तर सांगाच, पण दुकानातील अनोळखी साधनांना लोक बिचकतात त्याचे एक मोठे कारण हे मौन आहे, म्हणूनही सांगा.

मोजमापही बदला. दुकानाने दाखवलेला संभाषणांचा आकडा बाजूला ठेवा आणि दोनच नोंदी ठेवा. फळछाटणीला आलेला बागायतदार मणी सेटिंगच्या, म्हणजे मणी धरण्याच्या, वेळी पुन्हा आला का, आणि नवीन आलेल्याला साधनाचे नाव कोणी सांगितले. दुसऱ्या प्रश्नासाठी पहिल्या संभाषणाच्या शेवटी एकच साधी विचारणा पुरेशी आहे; उत्तर द्यायचे की नाही ते त्याच्यावर सोडा. फळछाटणीच्या आधी, सप्टेंबर उजाडण्यापूर्वी, औषधांची यादी नव्याने ताडून घ्या, वर्णनातला महिना बदला, आणि ज्या सल्लागारांनी साधन वापरून पाहण्यास होकार दिला आहे, त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष बागेत उभे राहून प्रश्न विचारून पाहा. उत्तर बागेत अडले, तर त्यावर प्रथम काम करा. नोंदीचे चित्र आणि नाव त्यानंतर पाहता येईल.